बेडूक रस्त्यापलीकडे

बेडूक कसा उचलावा, या विषयावर मी आता कुणाचंही ऐकून घेत नाही. दोन बोटं पुढच्या पायांमागे, अंगठा पाठीवर आणि आपली विजार शक्य तितकी लांब. कारण बेडूक घाबरला की आपलं मत ताबडतोब आणि पातळ स्वरूपात व्यक्त करतो. ही विद्या मी एका वसंतात कमावली. एकाच बेडकाला इतक्या वेळा रस्ता ओलांडून देणारा भूगोलाचा दुसरा शिक्षक अख्ख्या स्लोव्हेनियात सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. यातला 'एकाच' हा शब्द माझ्याही लक्षात जरा उशिराच आला.

मी सिल्वो गोर्युप. वरच्या रेपनेच्या शाळेत भूगोल शिकवतो आणि शाळा सुटल्यावर पर्यावरण मंडळ चालवतो. मंडळ शाळेच्या जुन्या बॉयलरच्या खोलीत भरायचं. तिथे आम्ही कित्येक वर्षं कात्री आणि डिंकानं पृथ्वी वाचवत होतो. प्लास्टिकविरोधी भित्तिपत्रकं तर आम्ही अशी सुंदर करायचो की ती खराब होऊ नयेत म्हणून त्यांना प्लास्टिकचं आवरण घालायचो. मंडळात आठवी-नववीची दहाबारा मुलं होती. त्यातली निम्मी बसची वाट बघत बसलेली असायची, पण हजेरीत ती निसर्गप्रेमी म्हणूनच लागायची.

फेब्रुवारीत मुख्याध्यापिका मिलोयकाबाई राजधानीतून कसलंसं प्रशिक्षण घेऊन परतल्या. प्रशिक्षणाहून आलेला माणूस आणि दातांच्या डॉक्टरकडून आलेला माणूस, दोघांचंही बोलणं काही दिवस वेगळं ऐकू येतं. बाई म्हणाल्या, कातरकाम पुरे झालं. आता मुलांचे हात मातीत गेले पाहिजेत. शाळांना 'हिरवी पताका' देणारी एक समिती आहे, ती ईस्टरच्या आधी येणार. पताका मिळाली तर मंडळ राहील. नाही मिळाली तर बॉयलरची खोली अकॉर्डियनच्या वर्गाला, आणि मी पहिलीच्या मुलांना.

आमच्याकडे आईबाप कामावरून परतेपर्यंत लहान मुलं शाळेतच थांबतात. कुणीतरी त्यांच्या नाड्या बांधायच्या, नाकं पुसायची आणि त्यांच्याकडून पिपाणी वाजवून घ्यायची. पंचवीस प्लास्टिकच्या पिपाण्या, पंचवीस वेगवेगळी गाणी, एकच खोली. माझ्या आधी हे काम करणारे सर आता डोंगरात एकटे राहतात आणि टाचणी पडली तरी दचकतात.

"मला पताका मिळेल," मी म्हणालो. माणूस भीतीपोटी जितका कर्तबगार होतो तितका कशानंच होत नाही.

आमच्या गावाबाहेर एक रस्ता आहे. अलीकडे जंगल, ते वरच्या रेपनेचं. पलीकडे तळं, ते खालच्या रेपनेचं. मार्चमध्ये थंडी मोडून पाऊस झाला की जंगलात झोपलेले बेडूक जागे होतात आणि अंडी घालायला तळ्याकडे निघतात. ज्या तळ्यात जन्मले त्याच तळ्यात जायचं, हा त्यांचा हट्ट. मधला रस्ता त्यांच्या हिशेबात नसतो. त्यामुळे दर वसंतात त्या रस्त्यावर जे दिसायचं त्याचं वर्णन मी करत नाही, तुम्ही जेवणार असाल.

तर उपाय असा: जंगलाच्या बाजूला रस्त्याच्या कडेनं गुडघ्याएवढं कापडी कुंपण घालायचं आणि त्याच्या पायथ्याशी जमिनीत बादल्या पुरायच्या. बेडूक येतो, कुंपणाला धडकतो, कडेकडेनं चालू लागतो आणि बादलीत पडतो. शाळा सुटल्यावर, दिवस कलता, मुलांनी बादली उचलायची, रस्ता ओलांडायचा, पलीकडे ओतायची. हात मातीत, बेडूक पाण्यात, पताका भिंतीवर!

म्हणजे, अगदी पाण्यात नव्हे. तळं रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होतं, पण वाटेच्या तोंडाशीच, रस्त्याच्या कडेला, मासेमार मंडळाची पाटी होती: सभासदांखेरीज प्रवेश नाही. आमचा माणूस एक वेळ देवाशी वाद घालील, पाटीशी घालणार नाही. आम्ही बेडूक पाटीपाशी सोडायचो. बेडूक सभासद आहेत की नाहीत, हे त्यांचं त्यांनी बघावं.

पहिल्या दिवशी मुलं रस्त्याच्या कडेला अशी उभी होती, जणू त्यांना रक्तदानाला आणलंय. मी वडिलांचा हिरवा लोकरी कोट घालून पुढे झालो आणि पहिला बेडूक उचलून दाखवला. बेडकानं आपलं मत व्यक्त केलं. नववीतली ताया, जिची जीभ तिच्या वयाच्या बरीच पुढे गेली आहे, ती शांतपणे म्हणाली, "सर, हे परीक्षेत येणार आहे का?"

पण आठवडाभरात काय चमत्कार झाला देव जाणे. त्याच तायाच्या हातातून बादली सुटेना. फोन खिशात गेले. बस चुकू लागल्या. पाठीवर नवरा घेऊन निघालेली एखादी बेडकीण सापडली की मुली म्हणायच्या, बघा, हा इथेही बसूनच चाललाय. आणि मुलगे घाईघाईनं बादल्या उचलायचे. मला मनातून फार बरं वाटत होतं. एवढ्या वर्षांत माझ्यामुळे कुणाची बस चुकली नव्हती.

मग बातमी नगराध्यक्षांच्या कानावर गेली. आलोयझ पोद्रेकर हे भारदस्त गृहस्थ आहेत. ते कुठेही पोचले की त्यांचं पोट आधीच तिथे असतं. ते आले, बादली धरून कुंपणापुढे उभे राहिले, आणि पालिकेच्या पत्रिकेत पहिल्या पानावर फोटो आला. फोटोत एका टोकाला कुंपण दिसत होतं, दुसऱ्या टोकाला बादली दिसत होती, आणि मध्ये जिथे रस्ता असायला हवा तिथे नगराध्यक्ष होते. शिवाय पालिकेसमोर त्यांनी एक फळा लावला: वाचवलेले बेडूक इतके इतके. रोज सकाळी शिपाई जुना आकडा पुसून नवा लिहायचा.

आकडा वाढत गेला. मी थक्क होत गेलो. एवढ्याशा जंगलात इतके बेडूक? पालकसभेत मी हवामानबदलावर तासभर बोललो. उबदार हिवाळे, कीटकांची वाढ, बेडकांचा सुकाळ. नकाशाही दाखवला. एका पालकानं विचारलं की वाढतंय ते चांगलं की वाईट, तेव्हा मी चष्मा पुसला.

याच सुमारास रस्त्यापलीकडेही, पाटीच्या लगेच मागे, एक कुंपण दिसू लागलं. आम्ही ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. खालच्या रेपनेच्या बाबतीत आमची ही जुनी पद्धत आहे. पूर्वी दोन्ही गावांची पालिका एकच होती. मग आम्ही स्वतंत्र झालो. वाटणीत अग्निशमन दलाचा बंब आम्हाला मिळाला आणि नळी त्यांना. तेव्हापासून दोन्ही गावांत आगीची भीती आहे आणि बोलणं बंद.

एके संध्याकाळी ताया बादलीत डोकं घालून म्हणाली, "सर, साहेब पुन्हा आलेत."

साहेब म्हणजे एक थोराड बेडूक. डाव्या पायाचं एक बोट तुटलेलं, गळ्याखाली वळकट्या, नजर अशी की आत्ता भाषण करील. नगराध्यक्षांशी असलेलं साम्य मी शिक्षक म्हणून नाकारलं आणि माणूस म्हणून मान्य केलं.

"काल यांना पलीकडे सोडलं. परवाही सोडलं," ताया म्हणाली.

मी तिला समजावलं की बेडूक सगळे सारखेच दिसतात. ती म्हणाली, शिक्षकही. मग तिनं दप्तरातून नखांना लावायच्या निळ्या रंगाची बाटली काढली आणि त्या संध्याकाळच्या प्रत्येक बेडकाच्या पाठीवर एकेक ठिपका दिला. निसर्गात असली ढवळाढवळ बरी नव्हे, असं मी म्हणणार होतो. पण हातात बादली घेऊन ते म्हणणं जमेना.

दुसऱ्या दिवशी बादल्या काढल्या. निळा, निळा, निळा. साहेब, निळे. पाठीवरचा नवरा निळा, त्याच्याखालची बायको निळी. एकही बिनठिपक्याचा नाही.

त्या रात्री मला पिपाण्या ऐकू आल्या.

पहाटे उठून मी रस्त्यावर गेलो आणि बीच जातीच्या एका जाड झाडामागे उभा राहिलो. उजाडता उजाडता पलीकडून खालच्या रेपनेचं पेन्शनर मंडळ आलं. पिवळी चमकती जाकिटं, रबरी बूट, प्रत्येकाच्या हातात बादली. पुढे फानीमावशी. टपाल खात्यातून निवृत्त झाल्या, पण पोचवण्याची सवय गेली नाही. त्यांनी आपल्या कुंपणापाशी पुरलेल्या बादल्या उपसल्या, रस्ता ओलांडला आणि आमच्या जंगलाच्या कडेला सगळे बेडूक मायेनं ओतले.

"जा रे बाळांनो," मावशी म्हणाल्या, "सुखरूप घरी जा."

मी झाडाला टेकलो. सगळं उलगडलं. खालच्या रेपनेनं आमचा फोटो बघितला होता, आणि फोटोत रस्ता कुठल्या बाजूला हे नगराध्यक्षांच्या पोटामुळे दिसत नव्हतं. आम्हाला विचारायचं तर बोलणं बंद. म्हणून त्यांनी अंदाजानं बादल्या पुरल्या, कुंपणाच्या रस्त्याकडच्या बाजूला. आम्ही संध्याकाळी सोडलेले बेडूक तळ्याकडे निघायचे आणि थेट त्यांच्या बादल्यांत पडायचे. पेन्शनर पहाटे त्यांना वाचवून आमच्याकडे आणायचे. दिवस मावळता आम्ही त्यांना वाचवून त्यांच्याकडे न्यायचो. आमची मुलं पहाटे उठत नाहीत आणि त्यांचे पेन्शनर संध्याकाळी पत्ते खेळतात, म्हणून गाठ कधी पडलीच नाही. बेडूक वाचवणं म्हणजे त्याला रस्त्यापलीकडे नेणं, यावर दोन्ही पालिकांचं एकमत होतं. गेल्या कित्येक वर्षांतलं एकमेव.

आणि ते बिचारे जीव! तीन आठवडे लग्नाला निघालेलं वऱ्हाड, मांडव समोर दिसतोय, आणि रोज कुणीतरी अदबीनं उचलून परत घरी नेऊन सोडतंय.

मी सरळ मिलोयकाबाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. बाईंनी खिडकी लावली. म्हणाल्या, शनिवारी समिती येतेय. नगराध्यक्षांनी बँड सांगितलाय, बंब धुऊन घेतलाय, सॉसेजची ऑर्डर गेलीय. खालच्या रेपनेलासुद्धा आमंत्रण गेलंय, आपला आकडा बघून जळावेत म्हणून. "तू हे मला सोमवारी सांग," बाई म्हणाल्या, आणि भिंतीपलीकडे पहिलीच्या वर्गात कुणीतरी पिपाणी फुंकली. बाईंनी सांगून ठेवलं होतं की काय, कोण जाणे.

तायाला मी म्हटलं, शनिवारपर्यंत गप्प राहू.

"मग बेडकांनी शनिवारपर्यंत अंडी धरून ठेवायची का?"

"ताया, मंडळ बंद पडेल."

"म्हणजे मंडळ चालावं म्हणून बेडूक अडवायचे."

"तसं नाही. याला प्रकल्प म्हणतात."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी कोटाची कॉलर वर केली. शिकवलेलं मुलांच्या लक्षात राहत नाही, अशी माझी समजूत होती आणि त्याच भरवशावर मी नोकरी करत आलो होतो.

शनिवारी दुपारी रस्ता सजला. आकाश भरून आलं होतं, झिमझिम पाऊस होता. रस्त्याच्या मधोमध बंब आडवा उभा केला होता, म्हणजे फोटोत नीट यावा. दोन्ही बाजूंना गाड्या थांबल्या होत्या. बँड वाजत होता, सॉसेज तडतडत होते, पोतित्साचे, म्हणजे अक्रोड भरलेल्या गोड पावाचे, काप फिरत होते, आणि सकाळी साडेदहापासून ब्लूबेरीची दारू 'थंडीसाठी' चालू होती. समितीच्या डॉक्टर ब्रेदाबाई सडपातळ, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सॉसेजला नाही म्हटलं. मी माझंही परत ठेवलं.

नगराध्यक्षांनी भाषण केलं. वरच्या रेपनेचा बेडूक हा मुळातच कष्टाळू, असं काहीसं. मग त्यांनी बादली उचलली आणि बँडच्या तालावर रस्ता ओलांडायला निघाले. मागून माझी मुलं, बादल्या घेऊन. सर्वांत शेवटी ताया. तिचं तोंड घट्ट मिटलेलं, आणि मला त्याचीच भीती वाटत होती.

ते बंबाला वळसा घालून पुढे आले आणि समोरून, पिवळी जाकिटं घालून, बादल्या घेऊन, पेन्शनर मंडळ आलं. त्यांनाही समितीला आपलं काम दाखवायचं होतं, म्हणून पहाटेचे निम्मे बेडूक त्यांनी राखून ठेवले होते. दोन्ही मिरवणुका रस्त्याच्या मधोमध समोरासमोर थांबल्या. बँड एकेका वाद्यानं बंद पडला. तुतारीवाला जरा वेळ एकटाच वाजवत राहिला.

"कुठे निघालात, मावशी?" नगराध्यक्षांनी विचारलं. कित्येक वर्षांनी वरच्या रेपनेनं खालच्या रेपनेला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"बेडूक जंगलात सोडायला. रोजच नेतो. तू कुठे निघालास, लोयझे?"

"बेडूक तळ्यावर सोडायला."

दोघांनी एकमेकांच्या बादलीत बघितलं. मग स्वतःच्या. पाठीवर ठिपका, ठिपका, ठिपका.

"हे तर आमचे बेडूक," नगराध्यक्ष म्हणाले.

"तुमचे? आमच्या तळ्यात जन्मले ते!"

"पण राहतात कुठे? हिवाळाभर झोपतात कुठे? आमच्या हद्दीत!"

"झोपायला तुझ्याकडे येतात, लोयझे. तुझ्या सभेलाही लोक त्यासाठीच येतात."

पेन्शनरांत हशा पिकला. कुणीतरी नळीचा विषय काढला. कुणीतरी बंबाचा. एकानं विचारलं की अग्निशमनाच्या पैशाचं काय झालं, आणि मग बेडूक बाजूलाच राहिले. बादल्या खाली ठेवून दोन्ही गावं कित्येक वर्षांचं साचलेलं बोलू लागली. गाडीवाल्यांनी भोंगे वाजवून बघितले, मग तेही उतरून आपापल्या गावाच्या बाजूनं उभे राहिले.

डॉक्टर ब्रेदाबाई माझ्याजवळ आल्या. त्यांनी विचारलं, ठिपके कशाचे?

आता सांगतो, असं मी म्हटलं आणि सांगितलं नाही. मागून तायानं सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. शेवटी म्हणाली, "सरांना माहीत आहे. पण त्यांना पहिलीचा वर्ग नकोय." भूगोलाच्या प्रश्नाला या मुलीनं इतकं मुद्देसूद उत्तर कधी दिलं नव्हतं.

ब्रेदाबाई काही बोलणार तेवढ्यात नगराध्यक्ष, फानीमावशींच्या रोखलेल्या बोटापासून मागे सरता सरता, रस्त्याच्या कडेला गेले. त्यांची टाच चिखलात सरकली, पाय बादलीला लागला आणि ते पेन्शनरांच्या कुंपणावर सावकाश, सन्मानानं बसले. कुंपण पार शेवटच्या खांबापर्यंत आडवं झालं. जे प्रकरण त्यांच्या पोटानं सुरू झालं होतं ते त्यांच्या बैठकीनं संपलं. त्यांना उचलायच्या गडबडीत बाकीच्या बादल्याही लवंडल्या.

आणि मग सगळ्यांनी खाली बघितलं. कारण बेडूक निघाले होते.

ओल्या रस्त्यावरून, शांतपणे, एकाच दिशेनं. दोन्हीकडच्या बादल्यांतले बेडूक, वरच्या रेपनेनं वाचवलेले आणि खालच्या रेपनेनं वाचवलेले, बुटांच्या मधून, तुतारीवाल्याच्या पायांखालून, पडलेल्या कुंपणावरून आणि नगराध्यक्षांच्या मांडीवरून तळ्याकडे चालले होते. साहेब सर्वांत पुढे. पाटीपाशी ते क्षणभर थांबल्यासारखे वाटले, पण ते माझं मत. बेडूक वाचत नाहीत. थोड्या वेळानं तळ्यातून डुबुक, डुबुक असा आवाज येऊ लागला.

तायानं तोंडावर हात धरला होता. ती रडत होती की हसत होती, मला कळलं नाही.

"यांना रस्ता माहीत आहे," डॉक्टर ब्रेदाबाई म्हणाल्या. "तो फक्त मोकळा हवा होता."

तेव्हापासून मार्च-एप्रिलात संध्याकाळी तो रस्ता बंद असतो. दोन्ही टोकांना एकेक पाटी लावलीय. पाटी म्हटल्यावर पुढे बोलायलाच नको. गाड्या मुकाट्यानं लांबून जातात, बेडूक मुकाट्यानं जवळून. बादल्या पेन्शनर मंडळानं बटाटे लावायला नेल्या.

आणि पताका? मिळाली की! समितीच्या अहवालात तायाचं नाव नीट शोध घेतल्याबद्दल आलं आणि माझं आलं नाही, हे मी योग्यच समजतो. पण राजधानीत वरच्या साहेबांनी तो अहवाल वाचून पताका दिली ती 'दोन शेजारी पालिकांच्या आदर्श सहकार्यासाठी'. दोन्ही बाजूंनी रोज एवढी देवाणघेवाण त्यांनी आजवर कुठे बघितली नव्हती. अट एकच, सहकार्य पुढे चालू राहिलं पाहिजे.

आता सहकार्य चालू ठेवायचं तर रस्त्यापलीकडे न्यायला काहीतरी हवं. बेडूक आता कुणाचं ऐकत नाहीत. तेव्हा मिलोयकाबाईंनी विचार केला आणि पहिलीची मुलं निवडली. मंडळ वाचलं, बॉयलरच्या खोलीत आता ताया नववीच्या मुलांना घेऊन तळ्याच्या पाण्याचे नमुने तपासते आणि मला आत यायच्या आधी दार वाजवायला सांगते. मी रोज दुपारी पहिलीच्या पोरांना, पिपाण्यांसकट, रांगेनं रस्ता ओलांडून खालच्या रेपनेच्या पेन्शनर मंडळात पोचवतो, म्हणजे दोन पिढ्यांचा मिलाफ व्हावा. चहापाण्यानंतर फानीमावशी त्यांना रांगेनं परत आणून सोडतात. नेमकं कोण कुणाला वाचवतंय हे अजून कुणी विचारलेलं नाही. पालिकेसमोरच्या फळ्यावर आकडा मात्र चढतो आहे.

परवा रस्ता ओलांडताना मागच्या एका चिमुरडीनं माझा कोट ओढला आणि विचारलं, "सर, तुमच्या पाठीवर निळा ठिपका का आहे?"

मी कोट काढून बघितला. होता. दोन खांद्यांच्या बरोबर मधोमध. म्हणजे समारंभातही होता, आणि पत्रिकेत आलेल्या समारंभाच्या फोटोत मी पाठमोरा होतो, त्यातही होता.

मी तडक बॉयलरच्या खोलीवर गेलो, दार वाजवलं आणि तायाला जाब विचारला. तिनं सूक्ष्मदर्शकातून डोकंही वर काढलं नाही.

"बेडकांना लावायच्या आदल्या दिवशी लावला, सर. पावसात टिकतो की नाही ते आधी बघायला नको? आणि रोज त्याच जागी परत येणारं दुसरं कोणी मला माहीत नव्हतं."